‘विच’ आल्यावर ‘इट’ला जागा नाही

ताई,
मी ३६ वर्षांचा आहे. शाळा मराठीतून झाली. आता कामावर रोज इंग्रजीत अहवाल लिहावे लागतात. गेल्या महिन्यात वरिष्ठांनी माझ्या एकाच पानावर पाच ‘इट’भोवती लाल गोल केले. कारण काही लिहिलं नव्हतं. मी धसका घेतला आणि पुढच्या अहवालातून सगळेच ‘इट’ काढून टाकले, तर शेरा आला, ‘वाक्याला कर्ता कुठे आहे?’ माझी वाक्यं पाठवतो:
‘ॲज इट वॉज डिस्कस्ड लास्ट वीक, द मशीन वॉज रिपेअर्ड.’
‘द पार्ट विच इट वॉज ऑर्डर्ड इन मार्च, इट वॉज अराइव्ह्ड यस्टर्डे.’
‘द कॉस्ट वॉज हायर दॅन इट वॉज एक्स्पेक्टेड.’
‘ॲज इट वॉज बॅडली डॅमेज्ड, द पंप वॉज रिप्लेस्ड.’
यात नेमकं काय चुकतं? एक सहकारी म्हणतो, पॅसिव्ह वापरणंच सोडून दे. तसं करू का?
– एक वाचक

प्रिय वाचक,

पॅसिव्ह सोडू नका. ते का, हे पुढे सांगते. आधी तुमच्या ‘इट’कडे बघू, कारण पत्र वाचताना मला सगळ्यात वाईट वाटलं ते तुम्ही घाबरून सगळे ‘इट’ पुसून टाकलेत याचं. लाल गोल केला आणि कारण दिलं नाही, तर माणूस दुसरं काय करणार?

तुमच्या दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण त्यात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे. हेच वाक्य मराठीत कसं म्हणाल? ‘जो भाग मार्चमध्ये मागवला होता, तो काल आला.’ इथे ‘जो’ आणि ‘तो’ यांची जोडी आहे. एकाने गाठ बांधायची, दुसऱ्याने सोडवायची. यातला ‘तो’ काढलात तर वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. ही सवय आपल्या हाडात मुरलेली असते, म्हणून इंग्रजी लिहितानाही ‘विच’ला जोडीदार हवा असं वाटतं आणि स्वल्पविराम देऊन आपण ‘इट’ ठेवून देतो.

इंग्रजीत अशी जोडी नाही. ‘द पार्ट’ हा शब्द वाक्याच्या तोंडाशी एकदा आला, की शेवटच्या क्रियापदाचा कर्ता तोच. मध्ये ‘विच’चं कितीही लांब उपवाक्य आलं तरी कर्ता विसरला गेला असं इंग्रजी वाचक समजत नाही. म्हणून ‘अराइव्ह्ड’च्या आधीचा ‘इट’ जास्तीचा आहे.

पण ‘विच’ला चिकटलेला पहिला ‘इट’ वेगळ्या कारणाने चुकतो, आणि ही दोन कारणं वेगळी ठेवायला हवीत. ‘वॉज ऑर्डर्ड’ या क्रियापदाला कर्ता हवा, बरोबर. पण ‘विच’ इथे दोन कामं करतो. तो उपवाक्य जोडतो आणि त्याच उपवाक्याचा कर्ताही होतो. मराठीतला ‘जो’ जसा नाम सोबत घेऊन येतो, ‘जो भाग’, तसं इंग्रजीत नसतं. तिथे ‘विच’ एकटाच नामाच्या जागी बसतो. त्याच जागेवर ‘इट’ला बसवलं की एका क्रियापदाला दोन कर्ते होतात.

शंका आली की ‘विच’ काढा आणि त्या जागी ते नामच लिहा. ‘द पार्ट वॉज ऑर्डर्ड इन मार्च’ हे वाक्य पूर्ण आहे, काही कमी नाही. आता तुमच्या मूळ वाक्यावर तेच करा: ‘द पार्ट इट वॉज ऑर्डर्ड इन मार्च.’ हे तुम्हीसुद्धा कधी लिहिणार नाही. ‘विच’ असताना डोळ्याला न दिसलेली चूक नाम ठेवल्यावर लगेच दिसते.

दुरुस्त वाक्य असं: ‘द पार्ट विच वॉज ऑर्डर्ड इन मार्च अराइव्ह्ड यस्टर्डे.’ मध्ये स्वल्पविराम नाही. ‘मार्च अराइव्ह्ड’ असे शब्द शेजारी आले की हात अडखळतो, काहीतरी घालावंसं वाटतं. घालू नका. काही दिवसांत डोळा सरावतो. हवं तर आणखी छोटं करता येतं: ‘द पार्ट ऑर्डर्ड इन मार्च अराइव्ह्ड यस्टर्डे.’ इथे ‘विच वॉज’ हे दोन्ही शब्द एकत्र गेले आहेत. त्यातला एकटा ‘वॉज’ काढून ‘द पार्ट विच ऑर्डर्ड’ असं लिहिलंत तर अर्थ होईल, त्या भागानेच काहीतरी मागवलं.

हीच चूक कर्माच्या जागीही होते. ‘द फॉर्म विच आय फिल्ड इट’ यात भरला तो फॉर्म, आणि फॉर्मच्या जागी ‘विच’ आधीच पुढे येऊन बसला आहे, त्यामुळे मागे ‘इट’ नको. ‘द बॉक्स इज टू हेवी टु लिफ्ट इट’ मध्येही शेवटचा ‘इट’ जास्तीचा. उचलायचा आहे तो बॉक्सच, आणि तो वाक्याच्या सुरुवातीला आलेला आहे.

ही चूक फक्त मराठी माणसाची नाही. अरबी आणि फारसी बोलणारेही इंग्रजीत ‘विच’च्या मागोमाग असं सर्वनाम ठेवतात, कारण त्यांच्या भाषांत अशा उपवाक्यात अनेकदा सर्वनाम ठेवायची रीतच आहे. कर्माच्या जागी तर अरबीत ‘जे पुस्तक मी ते वाचलं’ अशीच रचना होते. म्हणजे ही चूक निष्काळजीपणाची नाही. तुमची पहिली भाषा तिचे नियम प्रामाणिकपणे पाळते आहे, फक्त दुसऱ्याच्या घरात.

आता पहिलं आणि तिसरं वाक्य. यांच्या बाबतीत मात्र मराठीला दोष देता येत नाही. मराठीत आपण म्हणतो ‘चर्चेत ठरल्याप्रमाणे’ किंवा ‘अपेक्षेपेक्षा जास्त’. यात कुठेही ‘ते’ नाही. मग ‘ॲज इट वॉज डिस्कस्ड’ आणि ‘दॅन इट वॉज एक्स्पेक्टेड’ मध्ये ‘इट’ आला कुठून?

माझ्या मते तो वर्गात शिकलेल्या एका नियमातून आला. मराठीत कर्ता न बोलता चालतो. ‘उद्या येतो’, ‘जेवलात का?’ एवढं पुरतं, कारण क्रियापदाच्या शेपटीवरूनच कोण ते कळतं. इंग्रजीत तसं चालत नाही, म्हणून शिक्षक पुन्हा पुन्हा बजावतात की इंग्रजी वाक्याला कर्ता हवाच, काही नसेल तर ‘इट’ ठेवा. सल्ला योग्यच आहे. ‘इज रेनिंग’ लिहिणाऱ्या मुलांना त्याची गरज असते. पण तो इतका पक्का बसतो, की पुढे जिथे रिकामी जागा दिसेल तिथे आपण ‘इट’ भरतो, ती जागा खरंच रिकामी आहे का हे न बघता.

‘ॲज वॉज डिस्कस्ड लास्ट वीक’ मध्ये जागा रिकामी दिसते, पण तशी नाही. ‘ज्याप्रमाणे’ या अर्थाचा ‘ॲज’ आणि तुलनेतला ‘दॅन’, दोघेही अशा पॅसिव्ह उपवाक्यात कर्त्याची जागा स्वतः भरून काढतात. म्हणून ‘ॲज वॉज डिस्कस्ड’, ‘हायर दॅन वॉज एक्स्पेक्टेड’. कामाच्या लिखाणात लोक याहूनही छोटं लिहितात: ‘ॲज डिस्कस्ड लास्ट वीक’, ‘हायर दॅन एक्स्पेक्टेड’. मी तुम्हाला हेच सुचवीन. ‘वॉज’ आणि ‘इट’ दोन्ही गेले की चुकायला जागाच उरत नाही.

पहिल्या वाक्यातला ‘इट’ नुसता जास्तीचा नाही, तो अर्थही बदलतो. ‘ॲज’चा दुसरा अर्थ आहे ‘कारण’. ‘ॲज’च्या मागे ‘इट वॉज’ आलं की इंग्रजी वाचक आधी तोच अर्थ घेतो. तेव्हा तुमचं वाक्य त्याला असं वाचायला मिळालं: गेल्या आठवड्यात त्यावर चर्चा झाली, म्हणून मशीन दुरुस्त करण्यात आलं. जणू चर्चा झाली नसती तर मशीन तसंच पडून राहिलं असतं! वरिष्ठांनी तिथे गोल केला तो योग्यच. सोबत एवढी एक ओळ लिहिली असती तर तुमचा महिना वाचला असता.

‘दॅन’च्या बाबतीत एक बारकावा. ‘द वर्क टुक लाँगर दॅन इट वॉज एक्स्पेक्टेड’ हे चूक, पण ‘द वर्क टुक लाँगर दॅन इट वॉज एक्स्पेक्टेड टु’ हे बरोबर. दुसऱ्यात ‘इट’ म्हणजे ते काम: काम जेवढा वेळ घेईल असं वाटलं होतं, त्याहून जास्त वेळ त्याने घेतला. पहिल्यात ‘इट’ कोणाकडेच बोट दाखवत नाही. म्हणून नुसतं ‘दॅन’च्या पुढे ‘इट’ दिसला की खोडा, असा नियम करून घेऊ नका. हा ‘इट’ म्हणजे कोण, हे स्वतःला विचारा आणि मराठीत उत्तर द्या. उत्तर आलं तर राहू द्या.

उत्तर न येताही ज्याला ठेवावंच लागतं असा एक ‘इट’ आहे, आणि सगळे ‘इट’ काढले तेव्हा तुम्ही बहुधा यालाच गमावलंत. ‘इट वॉज डिसायडेड दॅट द मशीन शुड बी रिप्लेस्ड.’ खरा कर्ता म्हणजे ‘मशीन बदलावं’ ही अख्खी गोष्ट. ती लांबलचक आहे म्हणून इंग्रजी तिला मागे ढकलतं आणि पुढे जागा राखायला ‘इट’ ठेवतं. ‘इट वॉज फाउंड दॅट’, ‘इट वॉज रिपोर्टेड दॅट’ यांचंही तसंच. मागे ‘दॅट’ने सुरू होणारी गोष्ट आहे आणि पुढे ‘विच’, ‘ॲज’, ‘व्हॉट’ यांपैकी कर्त्याची जागा घेणारं कोणी नाही, तर ‘इट’ राहणार. ‘व्हॉट इट वॉज सेड’ मध्ये मात्र ‘व्हॉट’ जागेवर आहे, म्हणून तिथे नको: ‘व्हॉट वॉज सेड’.

आता ‘वॉज अराइव्ह्ड’. पत्रात तुम्ही याबद्दल विचारलेलं नाही आणि वरिष्ठांनीही त्याला हात लावलेला नाही. माझ्या मते मात्र ही चूक ‘इट’पेक्षा जास्त खटकते, आणि ती आपल्या ‘होता’मधून येते. ‘भाग आला होता’, ‘अपघात झाला होता’, ‘ती गेली होती’. ‘होता’ म्हणजे ‘वॉज’ हे आपण इंग्रजीच्या पहिल्या धड्यात शिकतो, आणि ‘तो घरी होता’ यासाठी ते खरं आहे. पण ‘आला’, ‘झाला’, ‘गेली’ यांच्या मागे येणारा ‘होता’ इंग्रजीत ‘हॅड’ होतो. ‘द ॲक्सिडेंट हॅड हॅपन्ड’, ‘शी हॅड गॉन’. त्या जागी ‘वॉज’ आला की वाक्य पॅसिव्हचा वेश घेतं, आणि ‘हॅपन’चं पॅसिव्ह असूच शकत नाही.

का नाही? पॅसिव्हमध्ये कर्म उठून कर्त्याच्या जागी येतं. जिथे कर्मच नाही तिथे उठून येणार कोण? अशा वेळी मराठी तुमच्या मदतीला येते, कारण आपल्याकडे या क्रियापदांच्या जोड्या आहेत: घडणं आणि घडवणं, पोहोचणं आणि पोहोचवणं, संपणं आणि संपवणं. पॅकेट पोहोचलं, तर कोणी पोहोचवलं हा प्रश्न निराळा. ज्यात ‘व’ आहे त्याचं पॅसिव्ह होतं, कारण कोणीतरी ते कशाला तरी केलेलं असतं. ‘पोहोचवलं गेलं’ म्हणता येतं, म्हणून ‘वॉज डिलिव्हर्ड’. नुसतं ‘पोहोचलं’ असेल तर ‘अराइव्ह्ड’, आणि त्याच्यापुढे ‘वॉज’ नाही. हॅपन, ऑकर, अराइव्ह, डाय, डिसअपिअर, एग्झिस्ट, बिलाँग ही सगळी बिनकर्माची मंडळी. ‘कन्सिस्ट’ही त्यांच्यातलंच, म्हणून ‘द टीम कन्सिस्ट्स ऑफ’. ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ कधीच नाही. इंग्रजीची थोडी पंचाईत अशी की ‘इन्क्रीज’सारखा एकच शब्द वाढणं आणि वाढवणं या दोन्हींसाठी चालतो. तिथे दोन्ही रूपं बरोबर, फक्त अर्थ वेगळा: ‘द कॉस्ट इन्क्रीज्ड’ म्हणजे खर्च वाढला, ‘द लिमिट वॉज इन्क्रीज्ड’ म्हणजे मर्यादा कोणीतरी वाढवली.

जुन्या इंग्रजीत येण्याजाण्याच्या क्रियापदांना ‘बी’ लावत असत, ‘ही इज कम’ असं लिहीत. जर्मन आणि फ्रेंच भाषांत ती रीत आजही आहे, त्यामुळे ते लोकही ‘वॉज अराइव्ह्ड’वर ठेचकाळतात. आजच्या इंग्रजीत तिची एक खूण ‘ही इज गॉन’मध्ये राहिली आहे.

तुमच्या वाक्यात ‘हॅड’ही नको. मागे ‘यस्टर्डे’ आहे, म्हणून सरळ ‘अराइव्ह्ड’. मराठीत ‘काल आला होता’ सहज म्हणतो, पण इंग्रजीतला ‘हॅड’ भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधी काय झालं ते सांगायला लागतो. तशी दुसरी गोष्ट वाक्यात किंवा आसपास नसेल तर साधा भूतकाळ पुरतो.

उलट चूकही मी खूप पाहते. ‘द फॉर्म सबमिटेड यस्टर्डे’ असं लिहून लोक वाक्य संपवतात, ‘वॉज’ गाळतात. बातम्यांच्या मथळ्यांत तो गाळलेला असतो, तिथून डोळ्याला सवय लागते हे एक कारण. दुसरं कारण खोल आहे. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, असं समीकरण आपल्याला शिकवलेलं असतं. ते पुरतं खरं नाही. ‘मुलीने पत्र लिहिलं’ हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. पत्राच्या जागी चिठ्ठी आली तर ‘लिहिली’. इंग्रजीत मात्र हे सरळ ॲक्टिव्ह: ‘द गर्ल रोट अ लेटर’. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातं ते ‘पत्र लिहिलं गेलं’, ज्याला व्याकरणाची पुस्तकं नवीन कर्मणी म्हणतात. त्यातला ‘गेलं’ जितका आवश्यक, तितकाच ‘वॉज’ आवश्यक. ‘गेलं’ लिहायचं असेल तिथे ‘वॉज’ आहे का बघायचं, एवढं लक्षात ठेवलंत तरी हा प्रश्न बहुतेक सुटतो.

‘कडून’ही जपून वापरा. ‘त्याच्याकडून पैसे आले’ मधला ‘कडून’ म्हणजे ‘फ्रॉम’, ‘त्याच्याकडून काम केलं गेलं’ मधला म्हणजे ‘बाय’. ‘द रिपोर्ट वॉज रिटन फ्रॉम मी’ हे इथूनच येतं. आणि ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड द प्रोसेस’ लिहीत असाल तर थांबवा. ‘मला समजावलं’ यातल्या ‘मला’ला ‘एक्स्प्लेन’ आणि ‘सजेस्ट’ कर्ता होऊ देत नाहीत. ‘द प्रोसेस वॉज एक्स्प्लेन्ड टु मी’ असंच लिहावं लागतं. ‘गिव्ह’ मात्र उदार आहे, ‘आय वॉज गिव्हन अ कॉपी’ चालतं.

आता सहकाऱ्याचा सल्ला. दुरुस्तीच्या अहवालात वाचणाऱ्याला मशीनचं काय झालं ते हवं असतं. पाना कोणी फिरवला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून ‘द मशीन वॉज रिपेअर्ड’ हेच तिथे उत्तम वाक्य आहे, आणि ते बदलून ‘वी रिपेअर्ड द मशीन’ केलं तर लक्ष नको तिकडे जातं. पॅसिव्ह टाळा ते जबाबदारीचा प्रश्न असेल तिथे. ‘इट वॉज डिसायडेड’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण निर्णय कोणी घेतला हे कळणं ज्यांच्यासाठी गरजेचं आहे, त्यांना ते वाक्य काहीच सांगत नाही. तिथे नाव घ्या, ॲक्टिव्ह लिहा. चुकण्याच्या भीतीने मात्र एखादी रचना टाकून देऊ नका. रोज लिहिणाऱ्या माणसाला ती लागणारच.

पंधरा दिवस एक करून बघा. अहवाल लिहून झाला की फक्त क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि प्रत्येकाचा कर्ता बोटाने दाखवा. दोन सापडले तर एक काढा. एकही सापडला नाही तर आधी ‘विच’, ‘प्रमाणे’ या अर्थाचा ‘ॲज’, ‘दॅन’, ‘व्हॉट’ यांपैकी कोणी ती जागा घेतली आहे का बघा, आणि घेतली नसेल तरच ‘इट’ घाला. सुरुवातीला पानाला दहा मिनिटं लागतील. घाई करू नका.

राहिलं तुमचं चौथं वाक्य: ‘ॲज इट वॉज बॅडली डॅमेज्ड, द पंप वॉज रिप्लेस्ड.’ ‘हा इट म्हणजे कोण?’ हे इथे विचारून बघा. पंप. ‘ॲज’ म्हणजे ‘प्रमाणे’ की ‘कारण’? कारण. पंप फार खराब झाला होता म्हणून बदलला, हेच तुम्हाला म्हणायचं होतं आणि वाक्य तेच म्हणतं. ‘वॉज डॅमेज्ड’ला त्या ‘इट’शिवाय दुसरा कर्ता नाही, तो काढला तर वाक्य मोडेल. त्या पाच गोलांपैकी हा गोल चुकून पडला आहे. वरिष्ठांना तसं नम्रपणे सांगा, कारणासकट, आणि हे वाक्य जसं लिहिलंत तसंच ठेवा.

तुमची,
ताई